डोरीनबाईंच्या मापाचं सीट

मंडळाच्या गणपतीत नवीन माणूस भेटला की नाव-गाव झाल्यावर लगेच ‘कुठं असता?’ असं विचारतो. इथं एडमंटनमध्ये या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या नावानं द्यायचं असतं. मी ‘गाड्यांची सीटं शिवायचो’ म्हणालो की समोरचा जरा घुटमळतो आणि मग ‘अच्छा, ऑटोमोटिव्ह इंटिरियर!’ म्हणून माझी परस्पर बढती करून टाकतो. मीही ती मुकाट्यानं घेतो. फुकट मिळालेली बढती कोण सोडतो?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मात्र सरळ विचारलं, की काका, ते सीटं शिवण्याचंच लिहा, आयटीवाल्यांचे लेख ढीगभर येतात. तेव्हा लिहितो आहे. कोल्हापुरातून इथं कसा पोचलो ते सांगत बसलो तर तुमचा फराळ मऊ पडेल, म्हणून ते सोडून देतो. एवढंच सांगतो, की माझे वडील चपला बनवायचे आणि मी तरुणपणी ट्रकच्या सीटांना रेक्झिन चढवायचो. चामडं, सुई आणि दोरा ही तीन माणसं मला कॅनडातही ओळखीची भेटली, म्हणून निभावलं.

मी ज्या दुकानात काम केलं आणि पुढे जे चालवलं, तिथं मुख्य गिऱ्हाईक हॉट रॉडवाल्यांचं. हॉट रॉड म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या मंडळात ‘नवी गाडी’ हेच कौतुक. हे लोक नव्वद वर्षांपूर्वीची एखादी मोडकी गाडी शेतातून, कोंबड्यांच्या खुराड्यातून उचलून आणतात. तिचं छप्पर आडवं कापून वीतभर खाली बसवतात. खिडक्या चिंचोळ्या होतात आणि गाडी डोळे बारीक करून बघणाऱ्या माणसासारखी दिसायला लागते. मग आत दणकट इंजिन, बाहेर आरशासारखा रंग. छप्पर खाली आलं की डोकं आपटू नये म्हणून सीटही खाली, पार जमिनीला टेकवून बसवावं लागतं. तिथून माझं काम सुरू व्हायचं.

हिवाळाभर या गाड्या गॅरेजमध्ये झाकून निजलेल्या असतात. रस्त्यावर मीठ टाकतात ना बर्फासाठी, ते पत्र्याला खातं. त्यामुळे थंडीत मालक लोक गाड्या आमच्याकडे आणून टाकायचे आणि बर्फ वितळायला लागलं की सगळ्यांना एकदमच जाग यायची. जुलैमध्ये शहराच्या दक्षिणेला एका छोट्या गावात या गाड्यांचा वार्षिक मेळावा भरतो. त्याला ते ‘रॉड रन’ म्हणतात. त्याच्या आधीचे दिवस आमच्याकडे लग्नसराईतल्या शिंप्यासारखे जायचे.

शिंप्याचं नाव काढलंच आहे तर मापाचं सांगतो. वडील चप्पल करताना चामड्यावर गिऱ्हाइकाला उभं करायचे. “पाय ठेव,” म्हणायचे, आणि पायाभोवती रेघ ओढायचे. नंबर-बिंबर काही नाही. मीही तीच पद्धत इकडं आणली. नुसत्या फोमच्या ठोकळ्यावर गिऱ्हाइकाला बसवायचं, पुढे लाकडी फळीवर पेडल ठोकून ठेवलेले, ते दाबायला लावायचे, आणि माणूस जसा बसेल तशी खडूनं खूण करायची. मग फोम कापायचा. फोम कापायला सगळ्यात उत्तम हत्यार म्हणजे विजेवर चालणारी सुरी, इथले लोक नाताळात टर्की कापतात ती. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुनंदानं, जुन्या सामानाच्या गॅरेज सेलमधून हौसेनं ब्रेड कापायला आणलेली सुरी मी दुकानात नेली, ती काही घरी परत आली नाही. तो विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्या धंद्यात पाय बघून अंथरूण घालायचं.

गिऱ्हाइकांचे नमुने काय सांगावेत. एकजण होता, त्याची गाडी इतकी चकचकीत की तो ती कधी चालवायचाच नाही. ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायची, उतरवायची, भोवती मखमली दोर लावायचा आणि आपण खुर्ची टाकून शेजारी बसायचं. मी त्याला मापासाठी फोमवर बसा म्हणालो, तर म्हणाला, कशाला, या सीटवर कोणी बसणारच नाही. मी आयुष्यात शिवलेलं ते सगळ्यात निर्मळ सीट असेल. त्यावर अजून कोणी बसलेलं नाही. आपल्यातही असे आहेतच. आमच्या मंडळाच्या एका खजिनदारांनी नव्या गाडीच्या सीटांवरचं प्लास्टिक दोन हिवाळे काढलं नव्हतं. उन्हाळ्यात चड्डी घालून बसलेला मुलगा ‘डॅड, आय अ‍ॅम स्टक’ म्हणून ओरडला तेव्हा निघालं.

दुसरा एक दाढीवाला अगडबंब ट्रकड्रायव्हर. त्याला शेजारचं सीट त्याच्या कुत्र्यासाठी हवं होतं. मी त्या कुत्र्याचं रीतसर माप घेतलं. तो फोमवर बसला, तीनदा गोल फिरला आणि झोपी गेला. मी त्याच्याभोवती खडू फिरवला. इतकं शांत गिऱ्हाईक मला परत मिळालं नाही.

पण खरं सांगायचं आहे ते डोरीनबाईंचं.

त्यांचा नवरा वॉल्ट हा आमच्या भागातल्या हॉट रॉडवाल्यांमधला मोठा असामी. सव्वासहा फूट उंच, शेती करून रिटायर झालेला. बत्तीस सालचा एक कूपे, म्हणजे दोन दारांची छोटी गाडी, त्यानं स्वतःच्या हातानं उभा केला होता, काळाभोर. आतलं सगळं माझ्याकडे दिलं. पुढे एकसंध बाक असतो तसं सीट, त्याला गर्द लाल चामडं आणि उभ्या नळ्यानळ्यांची शिलाई. प्रत्येक नळीत कापूस समान भरायचा, रेघ जराही हलू द्यायची नाही. वॉल्ट मापाला आला तेव्हा डोरीनबाई मफिन्सचा डबा घेऊन बरोबर आल्या होत्या. बाई लहानखुऱ्या, माझ्याएवढ्याच. आणि माझी उंची किती ते मंडळाच्या ग्रुप फोटोत मला शोधणाऱ्यांना ठाऊक आहे. वॉल्टला मी फोमवर बसवला, पुढे-मागे सरकवला, पाय लांब करायला लावले. बाई स्टुलावर बसून हसत होत्या. संध्याकाळपर्यंत काम चाललं. मफिन्स उत्तम होते.

ते सीट माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम. उगीच विनय कशाला दाखवू? मेळाव्यात लोक इंजिन बघायला वाकायचे आणि सीट बघून थांबायचे. लांबलांबून गिऱ्हाईक यायचं आणि ‘वॉल्टच्या गाडीसारखं’ म्हणायचं. माझं दुकान त्या सीटवर चाललं म्हटलं तरी चालेल.

वॉल्टचा एक हेका होता. गाडी चालवत आणायची, ट्रेलरवर नाही. मेळाव्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून तो बसायचा आणि ट्रेलरवर चढून आलेली गाडी दिसली की टोपी काढून, ‘बिचारी आजारी आहे का?’ असं मोठ्यानं विचारायचा. सगळे हसायचे. ट्रेलरवाले मुकाट मागच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. तसा नियम नव्हता, पण रिवाज पडला होता.

मी दुकानातून निवृत्त व्हायच्या आदल्या शरद ऋतूत वॉल्ट गेला. झोपेत गेला, सुखानं गेला. हिवाळा सरता सरता डोरीनबाई एक दिवस दुकानात आल्या, काखेत सोफ्याची उशी. म्हणाल्या, यंदाच्या मेळाव्याला कूपे मी चालवत नेणार आहे. पण पेडलला पाय पोचत नाही. म्हणून ही उशी. तुमच्या सीटला हात लावायला नको.

मला बरं वाटलं. उशीला मागून दोन पट्टे शिवून देऊ, झालं. बाई पोरवयात धान्याचे ट्रक चालवलेल्या, गिअर-क्लचची भीती नव्हती. गाडी ट्रकला जोडून ओढत आणवली होतीच, उशी ठेवून त्या बसल्या, दुकानामागच्या मोकळ्या जागेत गाडी सुरू केली. क्लच दाबायला पायानं जोर लावला, तशी उशी मागे सरकली. उशीबरोबर बाई सरकल्या, पाय क्लचवरून निसटला, आणि गाडीनं जी उडी मारली ती आमच्या कचऱ्याच्या डब्यापासून हातभर अंतरावर बंद पडली. बाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, “डबा तुमचा आहे का?”

हसलो खरा, पण मला कळून चुकलं होतं. सुटी उशी चालणार नाही. सीटच्या आतूनच उंची द्यायला हवी, पाठ पुढे आणायला हवी. म्हणजे बाक मधोमध कापायचा, चालकाची अर्धी बाजू उसवायची आणि नव्यानं बांधायची. त्यात आणखी एक मेख. ते लाल चामडं ज्या कारखान्यातून आणलं होतं तो केव्हाच बंद झाला होता. नवं कितीही जुळवलं तरी एक अर्धं गर्द, दुसरं जरा उजळ, आणि मधून शिवण गेलेली. देखणेपण संपलं.

मी बाईंना हे सांगितलं. वाटलं, त्या मागे हटतील. त्या म्हणाल्या, “माझे दोन गुडघे तरी कुठं सारखे आहेत? उजवा जुना, डावा नवा. डावा तर क्लचसाठीच बसवून घेतलाय.”

मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करायचा होता, मला ते सीट कापायचं नव्हतं.

ही बातमी क्लबमध्ये पोचायला वेळ लागला नाही. क्लबचा अध्यक्ष रॉन, वॉल्टचा जुना मित्र, भला माणूस. तो मला भेटायला आला. त्याचं म्हणणं, ती गाडी वॉल्टची आठवण आहे, ती जशी आहे तशीच राहायला हवी. म्हणाला, मी स्वतः चालवतो, डोरीन नेहमीसारखी शेजारी बसेल, मान राहील सगळ्यांचा. नाहीतर माझा ट्रेलर आहेच. मी मान हलवली. खरं तर मला हायसं वाटलं, की माझ्या मनातलं दुसरं कोणी बोललं. रॉननं बाईंनाही सांगितलं. त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यानंच मला सांगितलं, जरा खजील होऊन. बाई म्हणाल्या होत्या, “शेजारी बसून मी पुष्कळ वेळा गेले आहे, रॉन. आता मला जायचं आहे.”

त्या दिवशी जेवताना मी सुनंदाला सगळं सांगितलं. मी म्हणालो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते, आणि ते मीच कापायचं. सुनंदा आमटी वाढत होती. ती मूळची कागलची, आणि इतकी वर्षं इथल्या थंडीत काढूनही तिची भाषा गारठलेली नाही.

“तुमचं कसलं ओ?” ती म्हणाली. “चप्पल गिऱ्हाइकाच्या पायात गेली की मामंजींची ऱ्हायची व्हय? त्या बाईला चावतीया. सैल करून द्या की.”

माझे वडील खरोखरच तसे होते. विकलेली चप्पल चावते म्हणून कोणी परत आलं की ती कितीही सुबक असो, तेल लावून, ठोकून, वेळ पडली तर अंगठा उसवून पुन्हा बसवायचे. कधी चेहरा वाकडा केला नाही. मी आमटी संपवली आणि बाईंना फोन केला.

बाई मापाला आल्या. मी त्यांना फोमच्या ठोकळ्यावर बसवलं आणि पुढे लाकडी पेडल ठेवले. “पाय ठेवा,” मी मराठीतच म्हणालो, सवयीनं. त्यांना न सांगता कळलं. त्यांनी नवा गुडघा पुढे केला, क्लच दाबला, आणि पाठीमागे काय हवं ते सांगायला लागल्या, इथं जरा जास्त, नाही, तिथं नको. कोणत्याही गिऱ्हाइकानं मला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मी खडू फिरवला. टर्कीची सुरी चालू केली.

वॉल्टची बाजू उसवताना मला वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. चामडं सोडवलं तर आतल्या फोममध्ये त्याच्या बसण्याचा खळगा पडलेला. मी तो फोम बाईंना दाखवला, घरी न्यायचा का विचारलं. त्यांनी तो जरा वेळ बघितला, वर हात ठेवला. मग म्हणाल्या, एवढं मोठं बूड कुठं ठेवू मी? आणि दोघंही डोळे पुसत हसलो. फोम दुकानातच राहिला. शेजारची बाजू मी जशीच्या तशी ठेवली, तिला सुई लावली नाही. निदान अर्धं तरी काम जुनं राहिलं, एवढं मी माझ्या मनाचं समाधान करून घेतलं.

मेळाव्याचा दिवस उजाडला. मी दरवर्षी तिथं एक छोटं टेबल मांडतो, सुई-दोरा, चिकटवायचं सामान, कोणाची शिवण सुटली तर जागेवर टाका घालून देतो. गाड्या फाटकातून आत येतात, जेवणाच्या सुमारास सगळ्या रांगेनं गावातून फेरी मारतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाव खुर्च्या टाकून बसलेलं असतं, पोरं झेंडे हलवतात. हे मी ऐकून आणि लांबून बघून सांगतो. टेबल सोडून मी त्या फेरीत कधी गेलो नव्हतो.

सकाळपासून रॉन फाटकाशी उभा होता. वॉल्टची खुर्ची कोणीतरी आणून ठेवली होती, रिकामी. गाड्या येत होत्या, कूपे काही येईना. डोरीनबाईंचं शेत तसं फार लांब नाही. रॉननं फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. आलेले सगळे घोळक्यानं बोलायला लागले. कोणी म्हणालं, हायवेला ट्रक वेगानं जातात, तिला झेपायचं नाही. कोणी म्हणालं, नवा गुडघा. रॉन माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला की मी ट्रेलर जोडतो, शोधून आणतो तिला. मी त्याला थांब म्हणालो. सीट मीच कापलं होतं, मीच बांधलं होतं. त्यातलं काही सुटलं असेल तर?

रॉन ट्रेलर जोडतच होता तेव्हा आवाज आला. तो आवाज तिथल्या सगळ्यांच्या ओळखीचा. काळा कूपे फाटकातून आत शिरला, आणि चिंचोळ्या खिडकीत चालकाच्या जागी डोरीनबाईंचं पांढरं डोकं, ताठ. त्यांनी वॉल्टच्या खुर्चीशेजारी गाडी थांबवली, खाली उतरल्या, ट्रेलर जोडणाऱ्या रॉनकडे पाहिलं, डोक्यावर नव्हती ती टोपी काढल्यासारखं केलं आणि मोठ्यानं विचारलं, “कोण आजारी आहे?”

फाटकाशी असा हशा पिकला की मागच्या कुंपणाचे ट्रेलरवालेसुद्धा पुढे आले. रॉन सगळ्यात जास्त हसला आणि मग त्यानं बाईंना मिठी मारली.

उशीर कशानं झाला विचारलं तर म्हणाल्या, हायवे सोडून आतल्या रस्त्यानं आले. कॅनोला फुललाय सगळीकडे, पिवळाधमक. दोनदा थांबून बघितला. मला गंमत वाटली. जन्म शेतात गेलेली बाई, तिला कॅनोलाचं, म्हणजे इथल्या मोहरीचं, काय नवल?

फेरीची वेळ झाली तशा त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, शेजारची जागा रिकामी आहे, चला. मी टेबलाचं कारण सांगितलं. रॉननं माझ्या हातातली सुई काढून घेतली.

मी माझ्याच हातच्या सीटवर बसलो. आणि बसलो तो खाली खालीच गेलो. ही वॉल्टच्या मापाची जुनी बाजू. सव्वासहा फुटांच्या माणसासाठी बेतलेला बाक, दुसरं टोक तेवढंच खोल. माझे गुडघे छातीशी आले. समोर डॅशबोर्डची काळी भिंत, वर काचेची चिंचोळी पट्टी, तिच्यात आभाळ. बाजूची खिडकी माझ्या कानाच्या वर. गाडी सुरू झाली. दोन्ही बाजूंनी टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मान उंच केली तरी मला एकही माणूस दिसेना. शेजारी डोरीनबाई माझ्या नव्या सीटवर ताठ बसून गिअर टाकत होत्या आणि उजवीकडे, डावीकडे बघून हसत होत्या.

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय दिसतं तिथून?”

“आभाळ,” मी म्हणालो.

“छान असतं ना?” त्या म्हणाल्या. “मी इतकी वर्षं तेच बघितलं. लोक हात करतात असं वॉल्ट सांगायचा.”

मला वॉल्टच्या मापाच्या दिवशी स्टुलावर बसलेल्या बाई आठवल्या, मांडीवर मफिन्सचा डबा. लोक ज्या सीटपाशी थांबायचे, त्याच्या निम्म्या भागाला तिथं बसणाऱ्या बाईंचं मापच लागलेलं नव्हतं, आणि तेवढाच निम्मा भाग मी जपून ठेवला होता.

“तुमच्या बाजूला पुष्कळ लोक आहेत,” डोरीनबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “हात हलवा, वाट बघतायत.”

मी हात खिडकीतून वर काढला आणि मला न दिसणाऱ्या लोकांना हलवून दाखवत राहिलो.